पहिलाच ट्रक घेतो आहे : विमा निवडताना नेमके काय पाहावे?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यानंतर आता स्वतःची सहाचाकी गाडी घेण्याचे नक्की केले आहे. साडेअठरा टन एकूण वजनाची नवी चासी घेऊन बॉडी बाहेरून बांधून घेणार आहे आणि रकमेचा मोठा भाग कर्जाचा असेल. गाडी मुख्यतः मीच चालवीन, सोबत क्लिनर असेल आणि लांबच्या फेऱ्यांना पगारी चालक घेईन. काम ट्रान्सपोर्टरकडून मिळणाऱ्या मालाचे, महाराष्ट्रातले आणि शेजारच्या राज्यांतले.

माझ्याकडे विम्याची दोन कोटेशन आली आहेत. दोन्हींवर ‘पॅकेज पॉलिसी’ (इतरांच्या नुकसानीचा थर्ड पार्टी विमा आणि स्वतःच्या गाडीचा विमा एकत्र) असेच लिहिले आहे आणि दोन्हींत थर्ड पार्टीचा आकडा सारखा आहे, तरीही एकूण हप्त्यात सुमारे अकरा हजारांचा फरक पडतो. कर्ज देणाऱ्यांचा माणूस स्वस्त कोटेशन घ्या म्हणतो. हा फरक कशाचा असू शकतो, आणि नव्या मालकाने कोणत्या गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात, हे अनुभवी लोकांनी सांगावे.

चाकोरी

अभिनंदन, घाटमाथा. एकच सांगतो : हप्ता शेवटी पाहा. आधी पॉलिसीत काय वगळले आहे ते वाचा.

विमाविचार

मी विमा प्रतिनिधी आहे, तेव्हा माझा धंदा कोणता हे लक्षात ठेवूनच माझे म्हणणे वाचावे.

थर्ड पार्टीचा आकडा दोन्हीकडे सारखा येणारच, कारण तो दर कंपनी ठरवत नाही. केंद्र सरकार तो अधिसूचनेने ठरवते आणि तो गाडीच्या एकूण वजनावर अवलंबून असतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत भाड्याने माल वाहणाऱ्या चारचाकी व त्याहून मोठ्या गाड्यांसाठी साडेसात टनांपर्यंत 16,049 रुपये, बारा टनांपर्यंत 27,186, वीस टनांपर्यंत 35,313, चाळीस टनांपर्यंत 43,950 आणि त्यापुढे 44,242 रुपये असे टप्पे होते. तुमची साडेअठरा टनांची गाडी तिसऱ्या टप्प्यात येते. मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी हप्त्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर तो 18 टक्के आहे. कोटेशनमध्ये दोन्ही भागांचा कर वेगळा दाखवला आहे का, हेही पाहून घ्या.

याचा अर्थ असा की तुमचे अकरा हजार जवळजवळ पूर्णपणे ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागात दडलेले आहेत. तिथे सूट, आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत) आणि जादा कव्हर प्रत्येक कंपनी वेगवेगळे देते. दोन्ही कोटेशनमधली आयडीव्ही आणि पुरवण्यांची यादी इथे टाकलीत तर नेमके सांगता येईल.

लांबपल्ला

माझे मत वेगळे आहे. गाडी आपण स्वतः चालवणार असू, हात सुरक्षित असेल, तर थर्ड पार्टी पुरेशी होते. माझ्या जुन्या गाडीला मी तेवढाच विमा ठेवतो आणि वाचलेले पैसे टायरांसाठी बाजूला टाकतो.

चाकोरी

लांबपल्ला, तुमची गाडी कर्जमुक्त आहे आणि तिची बाजारातली किंमतही उतरलेली आहे, त्यामुळे तुमचा हिशेब तुमच्यापुरता बरोबर आहे. घाटमाथा यांची गाडी नवी आणि कर्जावर आहे. कर्ज देणारी संस्था पॅकेज पॉलिसीशिवाय रक्कम सोडणार नाही, आणि सोडली तरी घाटात गाडी उलटून निकामी झाल्यावर हप्ते मात्र चालूच राहतील. हात कितीही सुरक्षित असला तरी समोरून येणाऱ्याचे ब्रेक आपल्या ताब्यात नसतात.

लांबपल्ला

कर्जाचा मुद्दा मान्य. माझे म्हणणे जुन्या गाडीपुरतेच धरावे.

सर्वेक्षण

अपघातानंतर गाड्यांची पाहणी करण्याचे काम मी करतो. नव्या मालकांचे सर्वांत जास्त नुकसान कुठे होते ते क्रमाने लिहितो, कारण मला सांगावे लागलेले ‘हे मिळणार नाही’ बहुतेक वेळा पॉलिसी घेतानाच ठरलेले असते.

पहिली गोष्ट आयएमटी 23 ही पुरवणी, म्हणजे मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकातल्या (इंडिया मोटर टॅरिफ) त्या क्रमांकाचे जादा कलम. खासगी मोटारीच्या विम्याची सवय असलेल्या माणसाला वाटते की फुल इन्शुरन्स म्हणजे सगळी गाडी. व्यावसायिक गाडीच्या मूळ पॉलिसीत तसे नसते. दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचे नुकसान, गाडी पूर्ण निकामी झाली नसेल तर, वगळलेले असते. ट्रकला समोरून ठोकर बसली की नेमके हेच भाग जातात. आयएमटी 23 घेतली की ते परत आत येतात. जुन्या दरपत्रकानुसार तिच्यासाठी ओन डॅमेजच्या हप्त्यावर 15 टक्के जादा आकार होता. कोटेशन स्वस्त करायचे असेल तर सर्वांत आधी हीच पुरवणी काढली जाते.

दुसरी गोष्ट घसारा, म्हणजे भागांच्या जुनेपणापोटी दाव्यातून होणारी कपात. गाडी जुनी होत जाते तसा धातूच्या भागांवर घसारा वाढतो : पहिले सहा महिने काहीच नाही, वर्षापर्यंत 5 टक्के, दुसऱ्या वर्षात 10, तिसऱ्यात 15, चौथ्यात 25, पाचव्यात 35 आणि पाच ते दहा वर्षांदरम्यान 40 टक्के. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर मात्र गाडी नवी असो वा जुनी, 50 टक्के कापले जातात. काचेवर घसारा नाही, फायबरच्या भागांवर 30 टक्के आहे. आजकालच्या केबिनमध्ये पुढच्या बाजूला प्लास्टिक किती असते ते पाहा, म्हणजे झिरो डेपचे (घसारा न कापण्याच्या पुरवणीचे) महत्त्व लक्षात येईल. मात्र व्यावसायिक गाडीला झिरो डेप देताना कंपन्या वयाची अट आणि वर्षातल्या दाव्यांची मर्यादा घालतात, ती लेखी मागून घ्या.

तिसरी गोष्ट टोइंग. मूळ पॉलिसीत अपघातग्रस्त गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी एका अपघातामागे 2,500 रुपये इतकीच मर्यादा असते. भरलेला ट्रक खड्ड्यातून वर काढायला क्रेन किती घेते हे इथल्या मंडळींना सांगायला नको. ही मर्यादा जादा हप्ता भरून वाढवता येते.

रानजाई

सर्वेक्षण यांच्या पहिल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. आमच्या घरच्या गाड्यांचे हिशेब मी पाहते. एका दाव्यात केबिनचा पत्रा मंजूर झाला आणि दोन्ही हेडलाइट, बंपर, मडगार्ड आणि संपूर्ण रंगकाम नामंजूर झाले. ज्याने पॉलिसी विकली त्या प्रतिनिधीने पुरवणी नसल्याचे आम्हाला आधी सांगितलेच नव्हते. सर्व्हेअर साहेबांनी पॉलिसीची प्रत उलटून तो क्रमांकच नसल्याचे दाखवले आणि विषय तिथेच संपला. तेव्हापासून मी पॉलिसी हातात आली की रक्कम पाहण्याआधी पुरवण्यांच्या क्रमांकांची ओळ शोधते. ती सहसा पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते.

घाटमाथा

सर्वेक्षण, रानजाई ताई, मनापासून आभार. हा क्रमांक मी आज प्रथमच ऐकला. क्लिनर आणि पगारी चालक यांचे काय? त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी लागते का?

न्यायपक्ष

मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वकिली करतो. माणसांच्या बाबतीत कोण आत आणि कोण बाहेर, हे नीट समजून घ्या, कारण या प्रश्नावर मालकाची जमीन विकली जाऊ शकते.

रस्त्यावरचा तिसरा माणूस मेला किंवा जखमी झाला तर मोटार वाहन कायदा 1988 नुसार थर्ड पार्टी विम्याची जबाबदारी न्यायाधिकरण ठरवील तेवढ्या रकमेपर्यंत असते. मात्र तिसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी नेहमीच्या पॉलिसीत साडेसात लाखांची मर्यादा आहे. हप्ता थोडा कमी करण्यासाठी ती 6,000 रुपयांवर आणण्याची सोयही दरपत्रकात आहे. तसे चुकूनही करू नका. आजच्या काळात एका मोटारीचा मागचा भाग चेपला तरी सहा हजारांत काही होत नाही.

पगारी चालक आणि क्लिनर यांच्याबाबत मालकाची जबाबदारी कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली येते; नोव्हेंबर 2025 पर्यंत तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 होता, आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता 2020 आहे. या जबाबदारीसाठीची आयएमटी 28 ही पुरवणी दर माणशी अगदी किरकोळ हप्त्यात मिळते. किती माणसांसाठी ती घेतली आहे तो आकडा पॉलिसीवर तपासा. चालक एक आणि क्लिनर एक, म्हणजे दोन असा आकडा हवा.

तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे. रस्त्यात हात दाखवणाऱ्या माणसाला केबिनमध्ये किंवा मालावर बसवले आणि अपघात झाला, तर त्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालाबरोबर असेल तर गोष्ट वेगळी. गाडी पगारी चालकाच्या हाती देताना हे त्याला नीट बजावून सांगा.

आणि परवाना. साडेसात टनांपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी पुन्हा एकदा कायम केले. हा निकाल ऐकून काही मालक मोठ्या गाडीवरही हलक्या परवान्याचा चालक बसवू लागले आहेत. तुमची गाडी साडेअठरा टनांची आहे, तिला जड वाहनाचाच परवाना लागेल. परवाना चुकीचा असला तरी न्यायाधिकरण बहुधा कंपनीला पीडिताला पैसे द्यायला लावते, पण ते मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देते. स्वतःच्या गाडीचा दावा तर अडकतोच.

चाकोरी

वकीलसाहेबांनी माणसांचे सांगितले, पण खुद्द मालक-चालकाचे राहिले. स्वतः गाडी चालवणाऱ्याला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते.

पॉलिसीत ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ असा 15 लाखांचा भाग असतो. 2018 पर्यंत ही रक्कम ट्रकसाठी अवघी दोन लाख होती. तुमच्याकडे तेवढ्याच रकमेची वेगळी अपघात पॉलिसी असेल तर तो भाग घ्यावा लागत नाही. गाडी तुमच्या वैयक्तिक नावावर असेल आणि तुमचा परवाना चालू असेल तरच तो लागू होतो. फर्मच्या नावावर गाडी घेतलीत तर तो मिळणार नाही. मृत्यू आणि कायमचे अपंगत्व एवढ्यापुरताच तो आहे. दवाखान्याचा खर्च आणि पाय प्लास्टरमध्ये असतानाचे बुडालेले भाडे त्यात बसत नाही. त्यासाठी आरोग्य विमा आणि वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी, हे माझे ठाम मत आहे.

दूरचा_भाडेकरी

गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली तर त्या काळाची भरपाई मिळते का?

सर्वेक्षण

मूळ पॉलिसीत नाही. अपघातामुळे ओघाने होणारे नुकसान, म्हणजे बुडालेली फेरी, हुकलेला करार, कर्जाचा हप्ता, हे सगळे वगळलेले आहे. म्हणूनच गॅरेज निवडताना ‘कॅशलेस’ या एका शब्दावर जाऊ नका. ट्रकचे सुटे भाग लवकर मिळतात का, आणि तुमच्या नेहमीच्या मार्गावर कंपनीचे जोडलेले गॅरेज कुठे कुठे आहे, हे विचारा. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर एकही गॅरेज नसलेली कंपनी हजार रुपयांनी स्वस्त असून उपयोग नाही.

मालधक्का

मी ट्रान्सपोर्टर आहे, म्हणून गाडीतल्या मालाविषयी लिहितो. एवढ्या चर्चेत तो विषय अजून आलेला नाही.

गाडीच्या पॉलिसीत माल येत नाही. पॅकेज घ्या, झिरो डेप घ्या, सगळ्या पुरवण्या घ्या, तरी गाडीतला माल बाहेरच राहतो. मालाचा विमा सहसा मालाचा मालक काढतो. पण त्या कंपनीने मालकाला पैसे दिले की वसुलीचा हक्क तिच्याकडे येतो आणि ती वाहतूकदाराच्या दारात उभी राहते. ‘पार्टीने विमा काढला आहे, आपल्याला काय’ हे वाक्य मी फार ऐकतो. ते चुकीचे आहे.

रस्त्याने मालवाहतूक कायदा 2007 आणि त्याखालचे 2011 चे नियम यांनुसार, मालाची जास्त किंमत जाहीर करून जास्त दर ठरवला नसेल, तर नोंदणीकृत वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत सीमित होते. म्हणजे तीस हजारांच्या भाड्यावर तीन लाख. पण बिल्टी (माल घेतल्याची वाहतूक पावती) माझ्या नावाची असते आणि गाडी तुमची. ही मर्यादा तुमच्या-माझ्यातल्या हिशेबाला आपोआप लागू होते असे गृहीत धरू नका. तुटवडा, ओला झालेला माल, फुटतूट यांची कपात तुमच्या भाड्यातून किती आणि कोणत्या कागदावर होईल, हे ट्रान्सपोर्टरकडून आधी लिहून घ्या. किमती माल नेहमी भरणार असाल तर वाहतूकदाराच्या कायदेशीर जबाबदारीचा विमा वेगळा मिळतो, त्याची चौकशी करा.

ताडपत्रीचे एक सांगण्याजोगे आहे. पावसाळ्यात माल भिजल्याच्या तक्रारीत पहिला प्रश्न ताडपत्रीची अवस्था आणि दोरी कशी बांधली होती हाच असतो. माल भरल्यावर बांधलेल्या ताडपत्रीचा चारी बाजूंनी फोटो, त्यात गाडीचा नंबर दिसेल असा, काढून ठेवणारे चालक माझ्याकडे आहेत आणि त्यांची कपात मी सहसा करत नाही, कारण मलाही पुढे तोच फोटो दाखवता येतो.

लांबपल्ला

मालधक्का, हे वाचून समाधान वाटले. सगळे ट्रान्सपोर्टर तुमच्यासारखा विचार करत नाहीत.

मालधक्का

मान्य आहे, म्हणूनच लेखी घ्या म्हणतो.

घाटमाथा

आता एक अवघड प्रश्न विचारतो. जास्त वजन भरण्याचा आग्रह सगळीकडे होतो. मी चालक असताना नाही म्हणणे माझ्या हातात नव्हते. आता मालक म्हणून ठरवायचे आहे. विम्याच्या दृष्टीने नेमके काय बिघडते?

न्यायपक्ष

दंड आधी सांगतो, कारण तो विम्याच्याही आधी भेटतो : मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये.

विम्याच्या बाजूने, क्षमतेपेक्षा जास्त वजन हा पॉलिसीच्या अटीचा भंग आहे. अशा दाव्यांत पूर्ण नकार न देता ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणून मान्य रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत देण्याची रीत आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली अमलेंदु साहू प्रकरणात तिचा आधार घेतला आहे. हे 75 टक्केही बऱ्याचदा भांडून मिळवावे लागतात. जास्त वजनामुळेच अपघात झाला असे पाहणीत दिसले, तर कंपनी दावा पूर्ण नाकारण्याचा प्रयत्न करते.

परमिट आणि फिटनेस यांचेही तसेच. परमिट नसताना गाडी चालवणे हा मूलभूत भंग मानला गेला आहे. फिटनेसची (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याच्या दाखल्याची) तारीख नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी येते, त्यामुळे ती विसरली जाण्याचा धोका जास्त असतो.

सर्वेक्षण

वजनाबद्दल एवढेच जोडतो की पाहणी करताना आम्ही वजनकाट्याची पावती, बिल्टी आणि ई-वे बिल मागतो. ते तीनही कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर पुढचे सगळे अवघड होते.

तसेच अपघातानंतर गाडी जागेवरून हलवण्याआधी कंपनीला कळवा. मोठा अपघात असेल तर जागेवरच पाहणी होते. वाहतूक खोळंबल्यामुळे पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, तर आधी चारी बाजूंचे, रस्त्यावरच्या खुणांचे आणि समोरच्या गाडीचे फोटो घ्या. गाडी परस्पर गॅरेजला नेऊन खोलू नका. खोललेल्या गाडीत कोणते नुकसान अपघाताचे आणि कोणते जुने, हे सांगता येत नाही आणि शंकेचा तोटा तुम्हालाच होतो.

विमाविचार

चोरीच्या बाबतीत दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, कंपनी त्या मागते. पोलिसांत फिर्याद लगेच द्या. फिर्याद वेळेवर दिली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले आहे. तरीही कंपनीला त्याच दिवशी कळवा. न्यायालयापर्यंत जाण्याची वेळच कशाला यावी?

नवखा_वाहक

विषय थोडा वेगळा आहे, पण मी जुनी गाडी घेतो आहे. आधीच्या मालकाचा 50 टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मला मिळेल का? विकणारा म्हणतो, गाडीबरोबर तो येतो.

विमाविचार

येत नाही. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तो ज्याने मिळवला त्याच्याकडे राहतो आणि तो त्याच प्रकारच्या नव्या गाडीसाठी वापरू शकतो. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टीचा भाग कायद्याने तुमच्याकडे येतो, पण ओन डॅमेजचा भाग नावावर करून घेण्यासाठी 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. हे केले नाही तर आरसी बुकावर तुमचे नाव, पॉलिसीवर त्याचे, आणि अपघात झाल्यास ओन डॅमेजचे पैसे दोघांनाही नाहीत, अशी स्थिती होते.

घाटमाथा यांच्यासाठीही बोनसचे एक गणित आहे. पहिल्या विनादावा वर्षानंतर ओन डॅमेजच्या हप्त्यात 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के सूट मिळते. एका दाव्याने ती शून्यावर येते. म्हणून किरकोळ पत्र्याचे काम खिशातून करणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. पॉलिसी संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही तरी बोनस जातो.

रानजाई

बनावट पॉलिसीबद्दल कुणीच लिहिले नाही. पॉलिसी हाती आली की त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक घालून पाहा. गाडीचा प्रकार ‘भाड्याने माल वाहणारी’ असाच लिहिलेला हवा. एकूण वजन, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवा. कमी वजन दाखवून खालच्या टप्प्याचा थर्ड पार्टी हप्ता लावणारे लोक आहेत. ती बचत दाव्याच्या वेळी अंगाशी येते. पैसे रोखीने कुणाच्या हातात न देता थेट कंपनीच्या खात्यात भरा. हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, हे विमा कायद्याचे कलम आहे.

घाटमाथा

ताई, हे सगळे लिहून घेतले आहे. आता विमाविचार यांनी मागितलेला तपशील देतो. चासीचे बिल 25 लाखांचे आहे आणि बॉडीचा अंदाज साडेतीन लाखांचा. पहिल्या, स्वस्त कोटेशनमध्ये आयडीव्ही 23,75,000 आहे. पुरवण्यांत फक्त आयएमटी 28, तीही एका माणसासाठी. दुसऱ्यात आयडीव्ही 27,07,500 आहे. आयएमटी 23, आयएमटी 28 दोन माणसांसाठी, आणि झिरो डेप. मालक-चालकाचे 15 लाख दोन्हीकडे आहेत.

सर्वेक्षण

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. नव्या गाडीची आयडीव्ही किमतीतून 5 टक्के वजा करून काढतात. 25 लाखांतून 5 टक्के गेले की बरोबर 23,75,000 उरतात. म्हणजे पहिल्या कोटेशनमध्ये तुमच्या बॉडीची किंमत धरलेलीच नाही. साडेअठ्ठावीस लाखांतून 5 टक्के गेले की 27,07,500 होतात, तो दुसऱ्याचा आकडा आहे.

गाडी पूर्ण निकामी झाली, म्हणजे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला, तर पहिल्या पॉलिसीत तुम्हाला 3,32,500 रुपये कमी मिळतील. लहान अपघातातही बॉडीचे फाळके, साइड, फ्लोअर यांचे बिल लावताना बॉडी विम्यात आहे की नाही यावरच वाद होईल. त्यात आयएमटी 23 नाही, म्हणजे समोरची ठोकर जवळजवळ पूर्ण तुमच्या खिशातून. अकरा हजारांच्या फरकात या गोष्टी मिळत असतील तर मी दुसरे कोटेशन घेईन.

विमाविचार

सहमत आहे. पण दुसऱ्या कोटेशनलाच होकार देण्याआधी हीच यादी घेऊन आणखी एका कंपनीकडे जा. तीच आयडीव्ही, त्याच पुरवण्या, असे सांगून मागितलेला आकडाच तुलनेला उपयोगी पडतो. कर्ज देणाऱ्या संस्थेला पॉलिसीवर तिच्या नावाची नोंद हवी असते, विमा तिच्याच माणसाकडून घ्यायला हवा असे बंधन नसते. तसा आग्रह झाला तर तो लेखी मागा.

लांबपल्ला

जुन्या गाडीचा माणूस असूनही मी एवढे म्हणेन की या धाग्यावरून मी माझ्या आयएमटी 28 चा आकडा तपासला. क्लिनर त्यात नाही. उद्याच दुरुस्त करून घेतो.

घाटमाथा

सर्वांचे आभार. दुसऱ्या कोटेशनची यादी घेऊन आणखी दोन ठिकाणी विचारतो. एक शेवटची शंका : चासी शोरूममधून निघेल तेव्हा बॉडी बांधलेली नसेल. मग बॉडीची किंमत पॉलिसीत कधी घालायची?

चाकोरी

चासी बॉडी बांधणाऱ्याच्या कारखान्यापर्यंत रस्त्यानेच जाणार आहे, म्हणून विमा तिच्या पहिल्या किलोमीटरपासून हवा. कंपनी अंदाजपत्रकावर सुरुवातीपासून बॉडीसह आयडीव्ही द्यायला तयार असेल तर तसे घ्या आणि अंदाजपत्रकाची प्रत अर्जाला जोडली आहे याची पोच ठेवा. नाही तर आधी चासीची पॉलिसी घ्या. मग बॉडीचे पक्के, जीएसटी क्रमांकाचे बिल हाती येईल त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवून, फरकाचा हप्ता भरून पुरवणी काढून घ्या. ती पुरवणी हातात आल्याशिवाय गाडीत पहिला माल भरू नका. बॉडी बांधणाऱ्याला कच्च्या पावतीवर काम उरकण्याची सवय असते, तेव्हा पक्क्या बिलाचे बोलणे कामाला हात लावण्याआधीच करून ठेवा.